बिट फिरतो, पण कापत नाही: इंदुरातल्या काँक्रिटचं नेहमीचं दुखणं

काँक्रिटमध्ये गोल भोकं पाडणारं कोर कटिंगचं मशीन, त्याला शंभर मिलिमीटरचा बिट, म्हणजे कडेला हिऱ्याचे तुकडे (सेगमेंट) जोडलेली पोकळ नळी. पाणी चालू आहे, मोटर फिरते आहे. स्लॅबमध्ये पहिले दोन इंच झरझर उतरले आणि मग बिट जागच्या जागी अडला. हँडलवर जोर दिला की क्लच घसरतो, जोर काढला की बिट नुसता फिरत राहतो. ठेकेदार म्हणतो बिट डुप्लिकेट आहे, दुकानदार म्हणतो मशीनमध्ये दम नाही, आणि ऑपरेटर दोघांचं ऐकत ऐकत हळूच पाण्याचा कॉक बंद करतो. पाणी बंद केलं की बिट पुन्हा पकडतो, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

पकडतो, हे खरं आहे. पुढच्या मिनिटाभरात सेगमेंट निळा पडतो, कधी सुटून भोकातच अडकतो आणि मशीन स्टँडसकट झटका देतं, हेही खरं आहे. इंदुरात कोर कटिंगच्या मशीनची दुरुस्ती करताना माझ्यासमोर जे जळके बिट येतात, त्यातले बरेचसे याच एका युक्तीचे बळी असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ओलं आणि कोरडं, दोन्ही ड्रिलिंग यात येईल. पण जास्त जागा ओल्याला, कारण रडगाणं मुख्यतः तिथलंच असतं.

मुळात होतं काय

माळव्याचं पठार बेसॉल्टचं आहे. महाराष्ट्रातल्या घाटात दिसतो तोच काळा पाषाण. इंदूरच्या आसपासच्या क्रशरवरून येणारी गिट्टी याच दगडाची, घट्ट आणि टणक. आता बिटचा सेगमेंट बघा. धातूच्या भुकटीत बारीक हिरे मिसळून, दाबून, भाजून केलेला तो तुकडा असतो. कापायचं काम हिरे करतात, धातू त्यांना फक्त धरून ठेवतो. वरचे हिरे बोथट झाले की त्यांच्याभोवतीचा धातू झिजायला हवा, तरच खालचे नवे हिरे उघडे पडतात. आणि धातूला झिजवते ती काँक्रिटमधून निघणारी खरखरीत भुकटी.

इथेच गोम आहे. धातूला सगळ्यात चांगलं घासतं ते वाळूतलं क्वार्ट्‌झ. बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच. म्हणजे दगड हिऱ्याला बोथट करण्याइतका कडक, पण त्याची भुकटी धातूला घासण्याइतकी खरखरीत नाही. हिरे झिजून धातूच्या पातळीला येतात, धातू तसाच राहतो आणि सेगमेंट गुळगुळीत होऊन बसतो. नर्मदेची रेती काँक्रिटमध्ये असते तेव्हा ती थोडीफार मदत करते. अलीकडे बऱ्याच साइटवर रेतीच्या जागी क्रशरची रेती येते, तीही त्याच काळ्या दगडाची. त्या काँक्रिटमध्ये बिट फारच लवकर मिटतो. जुन्या स्लॅबमध्ये छान चाललेला बिट नव्या इमारतीत का अडतो, असं विचारणाऱ्यांनी आधी रेती कुठली होती ते विचारावं.

खात्री करायला काही यंत्र लागत नाही. मशीन बंद करा, प्लग बोर्डातून काढा (नुसतं बटण बंद करून भागणार नाही), बिट गार होऊ द्या आणि सेगमेंटच्या तोंडावरून बोट फिरवा. हाताला कण टोचले, प्रत्येक कणामागे धातूची छोटी शेपूट दिसली, तर बिट धारेवर आहे, दोष दुसरीकडे शोधा. बोट सरसर घसरलं आणि तोंड चकाकत असलं तर बिट मिटला आहे. आता तुम्ही कितीही जोर लावा, तो दगडाला पॉलिश करत राहणार.

मिटलेला बिट उघडायचा कसा

त्याला खरखरीत काहीतरी खायला घालायचं. वालुकाश्माचा ठोकळा सगळ्यात सोपा. ग्वाल्हेरकडचा, फरशीच्या दुकानात तुकडे पडलेले असतात, तो चालतो. नाहीतर सिलिकॉन कार्बाइडचा ड्रेसिंग स्टोन घ्या. ठोकळा जमिनीवर पक्का बसवा, मशीन खालच्या गिअरला टाका, पाणी नेहमीपेक्षा कमी ठेवा पण चालू ठेवा, आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल असे काही चर पाडा. दर चरानंतर प्लग काढून बोट लावून बघा. कण टोचायला लागले की थांबा. त्यापुढे नुसतेच हिरे वाया जातात. कोटा स्टोनवर हा प्रयोग करणारे पुष्कळ आहेत, कारण तो साइटवर पडलेलाच असतो. पण तो चुनखडक, त्याने बिट उघडत नाही, उलट अजून चकाकतो.

अर्ध्या भोकात अडला असाल आणि ठोकळा जवळ नसेल, तर वरून खाली कापायच्या भोकापुरती आणखी एक युक्ती आहे. बिट वर काढा, चरात मूठभर जाडी रेती टाका, पाणी कमी करा, खालच्या गिअरला हळूहळू उतरा. रेती धातू घासते आणि हिरे उघडे पडतात. रेती ओलीच राहिली पाहिजे, कोरडी फिरवली तर तिची धूळ थेट तुमच्या छातीत जाणार.

पण एकाच साइटवर दिवसातून चारदा बिट उघडावा लागत असेल तर बिटच चुकीचा आहे. खरेदीत नेमकं उलटं होतं. सियागंजच्या बाजारात उभं राहून माणूस विचारतो, "किती भोकं चालेल?" दुकानदार साहजिकच जास्त टिकणारा, म्हणजे कडक बाँडचा (हिरे धरणारा धातू म्हणजे बाँड) बिट पुढे करतो. कडक बाँड विटेला, चुन्याच्या जुन्या बांधकामाला, रेताड काँक्रिटला ठीक, कारण तिथे धातू भराभर झिजतो. काळ्या गिट्टीला मऊ बाँड हवा, जो लवकर झिजेल आणि नवे हिरे देत राहील. तो कमी भोकं चालतो, हे मान्य. पण भोकं पाडतो तरी. दुकानात विचारायचं ते असं: कडक गिट्टी, सळईचं काँक्रिट, ओलं काम, मशीन इतक्या वॉटचं. कमी ताकदीच्या मशीनवर कडक बाँडचा बिट लावला तर तो मिटण्याशिवाय दुसरं काही करू शकत नाही.

वेग: जास्त फिरला म्हणजे जास्त कापला असं नाही

बिट मिटला की वेग वाढवायची इच्छा होते. करायचं असतं उलटं. वेग वाढला की प्रत्येक हिऱ्यावर येणारा भार घटतो, तो दगडात शिरण्याऐवजी वरून घसरतो. सळईच्या काँक्रिटमध्ये बिटच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण २ ते ४ मीटर असावा. हिशेब सोपा आहे. १०० मिलिमीटर बिटचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर. ६०० आरपीएमला कडेचा वेग सेकंदाला ३.१ मीटर होतो. तोच वेग ५२ मिलिमीटरच्या बिटला १,२०० आरपीएमच्या आसपास मिळतो आणि १५२ मिलिमीटरच्या बिटला ४०० ला. म्हणजे छोट्या बिटवरून मोठ्यावर गेलात आणि गिअर तोच ठेवलात, तर बिट मिटणारच. मशीनच्या पाटीवर गिअर आणि व्यासाचं कोष्टक असतं, त्यावरची स्लरी, म्हणजे भुकटी-पाण्याचा चिखल, पुसून ते वाचावं. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं हवं. चालत्या मशीनला गिअर टाकून दात मोडून आणलेले गिअरबॉक्स मी उघडत असतो, आणि दर वेळी ऐकतो की "आपोआप झालं".

वेग कमी आणि दाब बेताचा पण सलग, हे काळ्या गिट्टीचं पथ्य. बऱ्याच मशीनवर लोड दाखवणारे हिरवे-पिवळे-लाल दिवे असतात. हिरव्यात राहा, लाल पेटला की दाब कमी करा. सुरुवातीचे एक-दोन सेंटिमीटर मात्र अगदी हलक्या हाताने, बिटने आपला चर पाडेपर्यंत.

पाणी बघा, तेच सांगतं

एका तरुण ठेकेदाराचा फोन आला होता. "काका, पाणी अगदी स्वच्छ येतंय, म्हणजे बिट बरोबर चाललाय ना?" "अरे, स्वच्छ येतंय म्हणजे काहीच कापत नाहीये. बंद कर आधी." भोकातून बाहेर येणारं पाणी पातळ ताकासारखं दिसलं पाहिजे. स्वच्छ असेल तर एकतर बिट मिटलाय किंवा पाणी इतकं सोडलंय की सगळी भुकटी धुऊन जाते आणि धातू घासायला काही उरतच नाही. दाट, गोळ्यागोळ्यांनी यायला लागलं तर पाणी कमी आहे. ती लगदा झालेली भुकटी बिटच्या बाहेरच्या अंगाला चिकटते आणि बिट धरून ठेवते. मधल्या मापाच्या बिटला मिनिटाला अर्धा ते दीड लिटर पाणी पुरतं, मोठ्याला जास्त. नळ पूर्ण सोडणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

पाणी अचानक काळपट-राखाडी झालं, त्यात चकचकीत बारीक कीस दिसला आणि मशीनचा आवाज बदलला, तर सळई लागली आहे. पुढचा विषय तोच, पण त्याआधी इंदूरचा एक खास त्रास. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं, साइटवर ड्रम मोजून असतात. मग मुलं खालची स्लरी बादलीत गोळा करून, जरा निवळून, तीच पुन्हा प्रेशर टाकीत भरतात. वरून निवळ दिसलं तरी त्यात बारीक कच असते. ती स्पिंडलवरच्या (बिट फिरवणाऱ्या दांड्यावरच्या) स्विव्हलच्या, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या जोडाच्या, सीलमध्ये जाते, सील कापते आणि पाणी मोटरच्या दिशेने निघतं. बऱ्याच मशीनमध्ये स्विव्हल आणि गिअरबॉक्सच्या मधे एक छोटं भोक ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडायला लागले की सील गेलं, काम थांबवा. ते भोक एम-सीलने बुजवलेलं मशीन मी पाहिलं आहे. गळती दिसू नये म्हणून! दहा लिटरची प्रेशर टाकी स्वच्छ पाण्याने भरा, टाकीच्या तोंडावर जाळी ठेवा. इतकं केलं तरी सील पुष्कळ टिकतं.

सळई

सळई लागल्यावर मशीनचं काय करायचं ते दोन वाक्यांत सांगता येतं. दाब थोडा कमी करा, जमत असेल तर मशीन थांबवून खालचा गिअर घ्या, पाणी चालू ठेवा, आणि सळई पूर्ण कापली जाईपर्यंत धक्के न देता उतरत राहा. सळईला अर्धवट चाटून गेलेला बिट सगळ्यात जास्त अडतो, कारण सळईचा सुटा तुकडा बिट आणि भोकाच्या मधे पाचर बनतो.

पण तिच्या आधीचा प्रश्न मोठा आहे: ती सळई कापायची परवानगी कुणी दिली? किचनच्या चिमणीचा पाइप, बाथरूमचा ट्रॅप, एसीची लाइन, यांसाठी भोक कुठे हवं ते प्लंबर खडूने दाखवतो. प्लंबरला बीम कुठे आहे हे माहीत असेलच असं नाही. बीम, कॉलम आणि त्यांच्या जोडाजवळचा भाग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय कापायचा नाही. तणाव दिलेल्या केबलचा, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर मशीन खाली ठेवा. ती केबल तुटली तर आजूबाजूच्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं. सळई शोधणारा स्कॅनर भाड्याने मिळतो. तो फिरवून भोक एक-दोन इंच सरकवलं तर बऱ्याचदा सळईही वाचते आणि बिटही. त्याच वेळी भिंतीतली वायर आणि पाण्याची लाइनही बघून घ्या.

स्लॅब आरपार कापताना खालच्या मजल्याचा विचार हवा. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमधून १५० मिलिमीटर व्यासाचा कोर, म्हणजे कापलेला गोल तुकडा, सुटला तर त्याचं वजन साडेसहा किलोच्या आसपास भरतं. तो कधी बिटमध्ये अडकून राहतो, कधी शेवटच्या मिलिमीटरला सुळकन खाली जातो, आणि कधी जाईल ते सांगता येत नाही. खाली दोरी बांधा, माणूस उभा करा, शक्य असेल तर कोर झेलायला टेकू लावा. "खाली कुणी नाहीये" हे वरून ओरडून विचारून ठरवायचं नसतं.

बिट भोकात अडकला

मिटलेला बिट, जास्तीचा जोर, दाट स्लरी, सळईचा तुकडा: चारही वाटा इथेच येतात, आणि हाडं मोडतात ती इथेच. मोटर फिरते, बिट अडतो, मग फिरायचं राहिलेलं असतं ते मशीन. स्टँड पक्का असेल आणि क्लच धड असेल तर क्लच घसरून सुटका होते. क्लच घसरू लागला की बटण सोडा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त घसरत ठेवला तर तो जळतो, आणि जळका क्लच पुढच्या वेळी वाचवत नाही. क्लच घसरतोय म्हणून नट आवळून "टाइट" करून मागणारे गिऱ्हाईक येतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो.

अडकलेला बिट सोडवायचा क्रम असा. प्लग काढा. स्पिंडलला किंवा बिटच्या मानेला पान्हा लावून हाताने थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे फिरवा, जोडीला भोकात पाणी सोडा म्हणजे चिकटलेली भुकटी सैल होईल. सैल झाला की फिरवत फिरवतच वर ओढा. मोटर चालू-बंद करून झटक्यांनी सोडवायचा नाही, आणि बिटच्या नळीवर हातोडा तर मुळीच मारायचा नाही. पत्रा एका ठिकाणी चेपला की नळी गोल राहत नाही, बिट डुगडुगतो आणि पुढच्या भोकात पुन्हा अडकतो. अगदीच निघत नसेल तर बिट मशीनपासून सोडवून भोकातच राहू द्या, मशीन बाजूला घ्या, आणि त्याच केंद्रावर मोठ्या व्यासाचा बिट घेऊन सगळ्याला वळसा घालून काढा. अर्थात मोठं भोक तिथे चालणार असेल तरच.

आत अडकलेला कोर काढतानाही हेच पथ्य: मागून स्पिंडलच्या बाजूने दांडा घालून ढकला, फार तर लाकडी हातोडीने हलके टकटक करा. आणि जेवायला जाताना बिट भोकात ठेवून जाऊ नका. परत येईपर्यंत स्लरी तळाशी बसून घट्ट झालेली असते.

झिजलेल्या बिटचं एक लक्षण राहिलं. सेगमेंट नळीपेक्षा किंचित जाड असतो, म्हणून नळीच्या दोन्ही अंगांना पाणी जायला फट राहते. सेगमेंटची कड झिजून नळीच्या जाडीइतकीच झाली तर उंची कितीही शिल्लक असो, तो बिट टाकून द्या. फट नसली की नळीच भिंतीला घासते.

स्टँड

डुगडुगणारा स्टँड बिटला मारतो आणि माणसालाही. काँक्रिटमध्ये एम-१२ चा ड्रॉप-इन अँकर (भोकात ठोकून बसवायची आट्यांची नळी), त्यात आटे पाडलेला रॉड, वर वॉशर आणि नट, मग लेव्हलिंगचे चारही स्क्रू टेकवून घट्ट. अँकरचं भोक त्या अँकरच्या डब्यावर लिहिलेल्या मापाचंच हवं, आणि तो प्लास्टरमध्ये किंवा टाइलखालच्या भरावात नाही, खऱ्या काँक्रिटमध्ये बसला पाहिजे. विटेच्या भिंतीत असा अँकर धरत नाही. तिथे रॉड आरपार काढून मागे जाड पट्टी लावतात. व्हॅक्युमवर चिकटणारा पाया गुळगुळीत, सलग जमिनीवर ठीक आहे. रंगवलेल्या प्लास्टरवर तो रंगासकट सुटतो, आणि छताला तर तो कधीच लावायचा नाही. मशीन वरखाली नेणारी गाडी स्टँडच्या खांबावर डुगडुगत असेल तर तिचे रोलर आवळून घ्या, नाहीतर बिट थरथरत उतरतो, भोक मोठं पडतं आणि सेगमेंटला तडे जातात.

करंट

पाणी, वीज आणि धातू हातात, म्हणून यात तडजोड नाही. वायरवरचं किंवा बोर्डातलं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं स्विच, हवंच, आणि काम सुरू करायच्या आधी दर वेळी त्याचं टेस्टचं बटण दाबून ते पडतं की नाही ते बघायचं. पडलं नाही तर मशीन लावायचं नाही. काम चालू असताना ते वारंवार पडत असेल तर ते बिचारं सांगतंय की मोटरमध्ये ओल शिरली आहे. ते बायपास करून "आता चालतंय बघा" म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशिअनला साइटवरून घालवावं. उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने खोचायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही; तिच्यात अर्थिंग नसतं, हे वेगळं सांगायला नको.

मशीन दमल्यासारखं वाटण्याचं एक कारण एक्स्टेन्शनही असतं. २,००० वॉटचं मशीन सुमारे ९ अँपिअर घेतं. ५० मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १७ व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्ची पडतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ७ च्या आत. वायर पूर्ण उलगडा, रिळावर गुंडाळलेली ठेवली तर ती तापते, आणि तिचा जोड स्लरीत पडू देऊ नका. छतात खालून वर कापताना पाणी गोळा करणारी रिंग आणि ओलं ओढणारा व्हॅक्युम क्लीनर लावल्याशिवाय सुरुवातच करायची नाही, कारण तिथे सगळं पाणी मोटरवर उतरतं.

कोरडं ड्रिलिंग कधी

लोकमान्य नगरात एका जुन्या घरी आजींनी अट घातली होती: "खाली देवघर आहे, पाणी एक थेंब सांडायचं नाही." मी म्हटलं, "आजी, भिंत विटेची आहे, ती पाण्याशिवाय कापून देतो. स्लॅबला मात्र पाणी लागणारच, तिथे खालून रिंग लावू." कोरडं ड्रिलिंग वीट, ब्लॉक, जुनं चुन्याचं बांधकाम यांच्यासाठी. सळईच्या काँक्रिटला नाही. हिरा हवेत ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जळू लागतो, आणि चांदीच्या डाकाने जोडलेले सेगमेंट त्याच सुमाराला सुटतात. कोरड्या कामाचे बिट म्हणून वेगळे असतात: सेगमेंट लेझरने जोडलेले, नळीला खाचा. ओल्याचा बिट कोरडा फिरवायचा नाही. कोरड्या बिटवर, तो लालबुंद झाला म्हणून, पाणीही ओतायचं नाही, तडकतो. दर काही सेंटिमीटरना फिरत्या बिटला बाहेर काढून हवेत गार होऊ द्या, भुकटीही बाहेर पडते. अर्धं भोक कोरडं आणि अर्धं ओलं केलं तर आत चिखल होतो आणि बिट अडकतो. हॅमरचं मशीन वापरत असाल तर हॅमर बंद, फक्त फिरणं. बिट जागेवर धरणारी मधली पिन फक्त सुरुवातीला, चर पडला की काढून टाका.

हे काम बहुधा हातात धरून होतं, त्यामुळे बाजूचं हँडल लावलेलं हवं, दोन्ही हात, पाय रोवून, आणि मोठा बिट शिडीवर चढून नाही. बटण लॉक करायचं नाही. सैल बाही, मफलर, कापडी हातमोजे फिरत्या बिटपासून लांब.

आणि धूळ. बेसॉल्टच्या भुकटीत मोकळी सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ, कमी, म्हणून इंदुरात धुळीची भीती नाही, असं एक शहाणपण ऐकायला मिळतं. पण कोरडं काम आपण करतो ते विटेत, प्लास्टरमध्ये, रेतीच्या चुन्यात. तिथे क्वार्ट्‌झ भरपूर असतं. त्याचे फुफ्फुसात जाणारे कण डोळ्याला दिसतही नाहीत. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिलच्या कारखान्यांतले मजूर आणि गुजरातेतल्या क्वार्ट्‌झ क्रशरवर गेलेले अलीराजपूर-झाबुआचे मजूर सिलिकोसिसने, म्हणजे याच धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाने, मेले आहेत. आपल्या साइटवर मशीन धरणारी मुलं बहुतेक त्याच झाबुआ-अलीराजपूरची असतात. रुमाल बांधून काही अडत नाही. मशीनला धूळ ओढणारा व्हॅक्युम जोडा आणि तोंडावर किमान एन-९५, दाढीवर सैल न राहणारा. काम झाल्यावर झाडू मारला तर बसलेली धूळ पुन्हा उठते. व्हॅक्युमने ओढा किंवा पाणी शिंपडून मग गोळा करा. डोळ्यांना चष्मा आणि कानांना प्लग तर दोन्ही प्रकारच्या कामात.

ओल्या कामाची स्लरी मोरीत ओतायची नाही. ती पाइपात बसते, घट्ट होते, आणि मग त्याच घरात पाइप फोडायला पुन्हा तुम्हालाच बोलावतात. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी दुसऱ्या दिवशी बांधकामावर मारायला घ्या, खालचा गाळ वाळवून मलब्यात टाका. इंदुरात मलबा रस्त्याकडेला दिसला तर महापालिका दंड लावते, त्यामुळे तो गाडीनेच पाठवा आणि भाडं गिऱ्हाइकाला कोटेशनमध्येच सांगून ठेवा.